टायरातल्या छऱ्यांची कुळकथा

अमेरिकेत मोअ‍ॅबच्या खडकांवर किंवा कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर चढणाऱ्या जीपगाड्यांचे टायर उघडले, तर काहींतून खेळण्यातल्या बंदुकीचे सहा मिलिमीटरचे प्लास्टिकचे छर्रे घरंगळत बाहेर येतील. काहींत काचेचे किंवा सिरॅमिकचे बारीक मणी असतील. मोठ्या ट्रकांच्या टायरात गोल्फचे चेंडू टाकण्याची युक्ती त्याहून जुनी, आणि इंजिनात घालायचं कूलंटच टायरात ओतणारेही आहेत. दावा सगळ्यांचा एकच: चाक वेगात फिरू लागलं की आतला ऐवज आपणहून हलक्या बाजूला जाऊन बसतो आणि व्हील बॅलन्सिंगचं काम फुकटात होतं. ऐकणाऱ्याला हा गॅरेजमधला जुगाड वाटतो, आणि म्हणूनच त्यावर कुणी भाबडा विश्वास ठेवतो, कुणी त्याची टिंगल करतो. दोघांचंही चुकतं. या युक्तीचं घराणं चांगलं शंभर वर्षांचं आहे, टर्बाइन घडवणाऱ्या इंजिनिअरांपासून चालत आलेलं. मात्र पूर्वजांनी युक्तीबरोबर एक अट घालून ठेवली होती. युक्ती टायरात शिरली, अट बाहेरच राहिली. आणि छऱ्यांची स्तुती नि निंदा या दोन्हींचं मूळ त्या राहून गेलेल्या अटीत आहे.

मुळात गरज का पडली, ते आधी पाहू. नेहमीच्या मोटारीचं चाक मशीनवर फिरवतात, जड जागा शोधतात आणि तिच्यासमोर रिमच्या कडेला वजनं ठोकतात. खडकांवर हवा कमी करून चालणाऱ्या गाडीला हे जमत नाही. टायर रिमवरून निसटू नये म्हणून तिला बीडलॉक रिम असते. बाहेरच्या बाजूने बोल्टांनी आवळलेलं कडं येतं आणि वजन अडकवायची कडच नाहीशी होते. आतून चिकटवलेली वजनं चिखल आणि दगड उपटून नेतात. साध्या रिमवर हवा कमी केली की टायर रिमभोवती थोडा सरकतो, म्हणजे काल जिथे जड जागा होती तिथे ती आज नसते. शिवाय साधं गणितही आड येतं. ३७ इंची टायर घ्या, त्रिज्या सुमारे ४७ सेंटिमीटर. ताशी १०० किलोमीटरला तो सेकंदाला साडेनऊ फेऱ्यांच्या जवळपास फिरतो. टायरच्या बाहेरच्या नक्षीलगत १०० ग्रॅमचा जडपणा असेल तर प्रत्येक फेरीत सुमारे १६ किलो वजनाइतका हिसका बसतो. तो मारायला १७ इंची रिमच्या कडेवर दुपटीहून जास्त, म्हणजे २०० ग्रॅमच्या वर वजन लागेल, कारण रिम आसाच्या जवळ असते. तेच वजन टायरच्या आत, नक्षीच्या पाठीला टेकून बसलं तर १०० ग्रॅमच्या आसपास पुरतं. छर्रेवाल्यांच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. (प्रत्यक्ष चिखलात बॅलन्सिंगची गरजच नसते, हेही सांगायला हवं. गोव्यात पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत गाड्या बहुतेक वेळ माणसाच्या चालीने रांगत असतात. स्टिअरिंग थरथरतं ते घरी परतताना, हायवेवर.)

आता घराण्याकडे वळू. १८६९ मध्ये रँकिनसारख्या मातब्बर शास्त्रज्ञाने सांगून ठेवलं होतं, की फिरत्या दांड्याला एक मर्यादा-वेग असतो आणि त्यापलीकडे दांडा चालूच शकत नाही. स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने ते मनावर घेतलं नाही. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या आपल्या वाफेच्या टर्बाइनला त्याने मुद्दाम बारीक, लवचीक दांडा बसवला, आणि मर्यादा ओलांडल्यावर यंत्र शांत फिरू लागलं. १८९५ मध्ये जर्मनीच्या आउगुस्ट फ्योप्लने याची कारणमीमांसा केली, १९१९ मध्ये जेफकॉट या इंजिनिअरने ती इंग्रजीत पक्की केली. गाभा असा: मर्यादेच्या खाली फिरणाऱ्या वस्तूची जड बाजू बाहेर फेकली जाते. मर्यादेच्या वर उलट होतं. वस्तू आपल्या भौमितिक मध्याऐवजी वस्तुमानाच्या मध्याभोवती फिरू पाहते, त्यामुळे जड बाजू आत ओढली जाते आणि हलकी बाजू बाहेर येते. सैल ठेवलेली कोणतीही गोष्ट नेहमी सर्वांत बाहेरच्या जागेकडे धावते. म्हणजे मर्यादेच्या वर ती हलक्या बाजूला जाऊन तोल सावरते, आणि मर्यादेच्या खाली जड बाजूलाच जाऊन बसते, दुखण्यात भर घालते. पूर्वजांची अट ती हीच.

या उलथापालथीचा उपयोग करण्याची कल्पना फ्रेंच इंजिनिअर मॉरिस लब्लांची. फिरत्या भागाला पोकळ कडं लावून त्यात पारा भरायचा, या त्याच्या योजनेला १९१६ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं. पण द्रवाची एक जन्मजात खोड असते. फिरत्या कड्यातल्या द्रवाचा पृष्ठभाग नेहमी फिरण्याच्या आसाभोवती गोल राहतो. चाक डगमगतं आहे तोवर तो एका बाजूला जाड होतो आणि मदत करतो. डगमग थांबायला आली की सगळीकडे सारखा पसरतो आणि मदतही थांबते. म्हणून द्रव कंप कमी करू शकतो, संपवू शकत नाही. टायरात कूलंट ओतणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्याकडे शेतकरी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत पाणी भरतात त्याच्याशी याची गल्लत नको. ते पकड यावी म्हणून भरलेलं वजन असतं, तोलाशी त्याचा संबंध नाही. द्रवाची खोड काढली ती घन गोळ्यांनी. अमेरिकी इंजिनिअर थर्ल याने १९३२ मध्ये असं बॅलन्सिंग यंत्र मांडलं, ज्यात मर्यादेच्या वर सैल वजनं मोकळी सोडायची, ती आपापली जागा शोधतात, आणि मग ती तिथेच आवळायची. १९५० मध्ये ‘मशीन डिझाइन’ नियतकालिकात त्याने लब्लांचं कडं, सैल रिंग, लोलक आणि गोळ्या या सगळ्यांची दोन भागांत तपासणी केली. गोळ्या सरस ठरल्या, कारण घर्षण कमी आणि डगमग थांबल्यावरही त्या होत्या तिथेच राहतात. १९३२ च्या यंत्रातली ती आवळण्याची सोय नीट पाहा. मर्यादेच्या खाली सैल गोळ्या घातक असतात, हे थर्लला ठाऊक होतं.

घराण्याच्या ज्या शाखांनी अट पाळली त्या भरभराटल्या. वरून कपडे टाकायच्या बऱ्याच वॉशिंग मशीनच्या टबाच्या काठाशी मिठाचं पाणी भरलेलं कडं असतं. काही मशीनांत पाण्याऐवजी गोळ्या. तिथे टब मुद्दाम मऊ स्प्रिंगांवर टांगलेला असतो, त्यामुळे त्याची मर्यादा अगदी खाली येते आणि कपडे पिळण्याचा वेग तिच्या कितीतरी वर राहतो. गेल्या शतकाच्या अखेरीस वेगवान सीडी ड्राइव्हमध्ये इवल्या गोळ्यांची कडी बसवली गेली, तीही अशाच मऊ रबरी टेकूंच्या भरवशावर. या दोन्ही ठिकाणी गोळ्या नंतर आल्या. यंत्र आधी त्यांच्यासाठी तयार करून ठेवलं होतं.

टायरात ही तयारी कुणी केलेली नसते. चाक आणि अ‍ॅक्सल यांचं टायरच्या रबरावर उसळण्याचं नैसर्गिक कंपन सर्वसाधारणपणे सेकंदाला ८ ते १५ वेळा असतं. मोठं चाक आणि अखंड अ‍ॅक्सल जड असल्यामुळे हा आकडा खाली येतो, पण मोठं चाक त्याच वेगाला कमी फेरेही घेतं. दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात. ३७ इंची चाकाचा हिशेब मांडला तर ८ कंपनांची मर्यादा ताशी ८५ किलोमीटरला येते, १२ कंपनांची १२८ ला. म्हणजे हायवेवरची गाडी नेमकी उंबरठ्यावर चालत असते. एका गाडीचे छर्रे ९५ ला उंबरठ्यापलीकडे जाऊन तोल सावरतील, शेजारच्या गाडीचे त्याच वेगाला अलीकडे राहून कंप वाढवतील. शिवाय शॉक अ‍ॅब्सॉर्बरमुळे हा उंबरठा एका रेषेसारखा नसतो, बराच रुंद पट्टा असतो आणि त्या पट्ट्यात छर्रे कुठेच ठरत नाहीत. तीच वस्तू एकाला जादू आणि दुसऱ्याला कचरा वाटते ती यामुळे, आणि म्हणून कुणालाही खोटारडा ठरवायची गरज नाही.

यावर आक्षेप येतो: इतक्या वर्षांचा इतक्या ड्रायव्हरांचा अनुभव काय फुकट? फुकट नाही, पण तो बहुधा ज्याच्याशी ताडलेला असतो ते चाक मुळीच बॅलन्स न केलेलं असतं, आणि छर्रे टाकताना टायर नवा बसतो, हवा बदलते, कधी शॉकही बदलतात. दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो जास्त विचार करण्यासारखा आहे: १०० च्या वेगाला छऱ्याला गुरुत्वाकर्षणाच्या १६० पट जोराने टायरच्या खरखरीत अस्तरावर दाबलेलं असतं, तो हलणार कसा? इथे, माझ्या मते, टीकाकार चाकाला हवेत फिरणारं समजतात. जमिनीला टेकलेला टायरचा भाग सपाट होतो. त्या वीतभर पट्ट्यातून जाताना छर्रा जवळजवळ सरळ रेषेत जातो आणि ते १६० पटींचं दडपण काही सहस्रांश सेकंदांसाठी उतरतं. प्रत्येक फेरीत एकदा सुटका होत असल्यामुळे तो सरकू शकतो. अर्थात ज्या सुटकेने तो योग्य जागी पोचतो तिनेच तो तिथून उडूही शकतो. ताशी आठएक किलोमीटरच्या खाली तर तो नुसता गडगडतो, म्हणजे प्रत्येक सिग्नलनंतर सगळा खेळ पहिल्यापासून. आत ओल शिरली तर बारीक मणी गोळा होऊन एका जागी चिकटतात, आणि मग ते स्वतःच एक जड जागा बनतात.

काही दुखण्यांवर छर्रे उपायच नव्हेत. साडेबारा इंच रुंद टायरात आतली कड एका जागी जड आणि बाहेरची नेमकी समोर जड असेल, तर चाक वरखाली उसळत नाही, डावीउजवीकडे डुलतं. सैल ऐवजाला त्याची खबर फारशी लागत नाही, मशीनवरची दोन्ही कडांची वजनंच ते सुधारतात. चिखलाच्या टायरांचे मोठमोठे ठोकळे पुरते गोल नसतील तर कोणतंही वजन त्यांना गोल करत नाही. आणि जीपवाल्यांना धडकी भरवणारी समोरच्या चाकांची थरथर बहुतेकदा सैल झालेल्या ट्रॅक बारची (अ‍ॅक्सलला आडवं जागेवर धरणाऱ्या दांडीची) किंवा झिजलेल्या बुशांची असते. टायरचा असमतोल तिला फक्त चिथावतो.

आज थर्लचा खरा वारस टायरच्या आत नाहीच. रिमच्या मागे बोल्टांबरोबर आवळलेलं नळीचं कडं, त्यात धातूच्या गोळ्या आणि द्रव, अशी सेंट्रामॅटिकसारखी साधनं अमेरिकी ट्रकांवर मिळतात. गोळ्यांना तिथे गुळगुळीत वाट मिळते, ओल लागत नाही, जमिनीचा धक्का थेट बसत नाही. त्रिज्या लहान असल्यामुळे वजन जास्त लागतं आणि उंबरठ्याची अट त्यांनाही चुकत नाही. तेव्हा निवड करायचीच तर ती वेगावरून करावी. ज्या गाडीचा हायवेवरचा वेग ७०-८० च्या पुढे जात नाही तिने छऱ्यांच्या नादी न लागता बीडलॉकच्या आतल्या बाजूला, ब्रेकला घासणार नाहीत अशी, चिकटवायची वजनं लावावीत आणि ती पडली की पुन्हा लावावीत. लांबच्या रस्त्यावर ११० ने सलग धावणाऱ्या गाडीने छर्रे वापरून पाहायला हरकत नाही, पण आधी मशीनवर टायरचा गोलपणा तपासून, छर्रे अडकू नयेत म्हणून व्हॉल्व्हला जाळीवाली पिन बसवून आणि आत भरायची हवा कोरडी आहे याची खात्री करून.