तांबे, विजय वसंत

भारतीय हवाई दलातील फ्लाइट लेफ्टनंट आणि 1971 च्या भारत-पाक युद्धातील बेपत्ता वैमानिक. ते 32 व्या स्क्वॉड्रनमध्ये सुखोई-7 हे सोव्हिएत बनावटीचे लढाऊ विमान चालवीत. जमिनीवरील लक्ष्यावर मारा करायला हे विमान खाली आणावे लागे, त्यामुळे ते विमानविरोधी तोफांच्या टप्प्यात येई. 3 डिसेंबरच्या संध्याकाळी युद्ध पेटले आणि दोन दिवसांच्या आत पश्चिम पंजाबातील शोरकोट रोड विमानतळावर हल्ला करताना तांबे यांचे विमान पडले.

ढाक्याच्या ‘पाकिस्तान ऑब्झर्व्हर’च्या 5 डिसेंबर 1971 च्या अंकात पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी होती. तीत एक नाव ‘टोंबे’ असे छापले होते. अक्षर चुकले, पण बेपत्तांच्या यादीत या नावाशी जुळणारा दुसरा कोणी नाही. हा कागद शत्रूच्याच बाजूचा आहे, म्हणून तो सहज बाजूला सारता येत नाही. युद्धकैद्याची माहिती त्याच्या देशाला कळवणे आणि लढाई थांबताच त्याला सोडणे 1949 च्या जिनिव्हा करारानुसार बंधनकारक आहे.

डिसेंबर 1971 मध्येच सुखोई-7 पडून पकडले गेलेले दिलीप परुळकर यांची नोंद युद्धकैदी म्हणून झाली आणि 1972 च्या अखेरीस ते मायदेशी परतले. भारताने सुमारे 93,000 पाकिस्तानी कैदी सोडले. तांबे मात्र आले नाहीत. 1979 मध्ये सरकारने लोकसभेत ठेवलेल्या 40 बेपत्ता जणांच्या यादीत त्यांचे नाव होते. पुढे ही संख्या 54 झाली. धवळे, महाजन, कदम ही आडनावेही त्याच यादीत आहेत.

त्यांच्या पत्नी दमयंती (माहेरच्या सुभेदार) बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. संसार जेमतेम दीड वर्षाचा. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली आणि मंत्रालयांचे उंबरठे झिजवले. 2007 मध्ये बेपत्तांचे 14 नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले, त्यांत त्याही होत्या. कैद्यांना मोकळेपणी भेटू दिले नाही, अशी या नातेवाइकांची तक्रार राहिली. असे कैदी आपल्याकडे नाहीत, हे पाकिस्तानचे उत्तर कायम आहे. तांबे यांचे पुढे काय झाले हे निश्चित नाही, म्हणून कोशाच्या रिवाजाप्रमाणे नावापुढे मृत्यूची तारीख घालणे इथे योग्य नाही.