गणवेश, प्राथमिक शालेय (बुलढाणा जिल्हा)

प्राथमिक शाळेतील मुलामुलींसाठी ठरवून दिलेला एकसारखा पोशाख. शाळेतील समता आणि शिस्त यांचे चिन्ह म्हणून गणवेशाचा पुरस्कार केला जातो. तथापि त्याचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नामुळे गणवेशाचा इतिहास हा गरीब कुटुंबांच्या शाळाप्रवेशाच्या इतिहासाशी निगडित झाला आहे. वऱ्हाडातील कोरडवाहू शेतीच्या बुलढाणा जिल्ह्यात हा संबंध विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

वऱ्हाड प्रांताचा कारभार १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला. त्यानंतर येथे सरकारी मराठी शाळांचा विस्तार होऊ लागला. या काळातील खेड्यांतील शाळांत गणवेशाची कल्पना रुजलेली नव्हती. मुलगे सदरा, धोतर वा लंगोट आणि टोपी, तर मुली परकर-पोलके अशा घरच्याच वेषात शाळेत येत. कपड्यांवरून घरची ऐपत व जात सहज ओळखू येई. मध्य प्रांतात १९२० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. परंतु मुलास शाळेत पाठविण्याची सक्ती आणि त्यास पुरेसा कपडा मिळण्याची हमी या दोन गोष्टी बराच काळ वेगळ्याच राहिल्या.

राष्ट्रीय चळवळीने शाळेतील कपड्याला नवा अर्थ दिला. खामगाव येथील टिळक राष्ट्रीय विद्यालयासारख्या संस्थांमुळे राष्ट्रीय शिक्षणाचा विचार जिल्ह्यात पोहोचला. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या मूलोद्योग शिक्षणात सूतकताईला महत्त्वाचे स्थान होते. मुलाने आपल्या श्रमातून वस्त्र निर्माण करावे, हा त्यामागील एक विचार होता. खामगावच्या बाजारपेठेत कापसाची मोठी उलाढाल होत असता ते पिकविणाऱ्यांच्या मुलांना मात्र अंगभर कपडा दुर्मिळ असावा, ही विसंगती या शिक्षणविचाराच्या पार्श्वभूमीवर अधिकच जाणवते.

१९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व ग्रामीण प्राथमिक शाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढील दशकांत पांढरा सदरा व खाकी अर्धी विजार आणि मुलींसाठी पांढरे पोलके व निळा परकर वा झगा हा वेष ग्रामीण शाळांची ओळख बनला. हा रंग निवडण्यामागे सोय होती : असे कापड कोणत्याही आठवडी बाजारात मिळे आणि मोठ्या भावंडाचा गणवेश धाकट्यास वापरता येई. पालकांना शाळेच्या अपेक्षा कळविण्याचे काम शिक्षकांच्या गृहभेटी, पालकसभा आणि प्रसंगी गावातील दवंडी यांद्वारे होत असे.

शिक्षण विनाशुल्क झाले, तरी ते विनाखर्च झाले नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, साधारणतः जूनच्या अखेरीस उघडतात. हाच काळ पेरणीचा असल्याने बी-बियाणे व खते यांसाठी घरातील रोख रक्कम संपलेली असते. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा इ. तालुक्यांतील काही कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील आदिवासी वस्त्यांतही रोख उत्पन्न अल्प असते. अशा घरांत गणवेश हा शाळेत न जाण्याचे कारण ठरू शकतो. हा छुपा खर्च ओळखून राज्य शासनाने १९९२ पासून दुर्बल घटकांतील मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसासाठी एक रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना सुरू केली.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम (२००९) १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असतात. सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील मुले यांना पहिली ते आठवीपर्यंत दरवर्षी दोन गणवेश देण्यासाठी प्रथम ४०० रु. व समग्र शिक्षा अभियानात (२०१८ पासून) ६०० रु. अशी तरतूद झाली. खरेदी व शिलाई समिती करी. त्यामुळे गावच्या वा जवळच्या शिंप्यास काम मिळे आणि मुलाचे माप प्रत्यक्ष घेतले जाई.

यानंतरचे प्रयोग उद्बोधक आहेत. २०१७-१८ मध्ये ही रक्कम पालक व विद्यार्थी यांच्या संयुक्त बँक खात्यात जमा करण्याचे ठरले. आधी खरेदी करून पावती दाखवावयाची असल्याने ज्यांच्याकडे पैसे नव्हते, त्यांचीच अडचण झाली. ही पद्धती पुढे मागे पडली. २०२३-२४ पासून पूर्वी वगळलेल्या मुलांनाही राज्याच्या निधीतून गणवेश देण्यात येऊ लागले. त्यामुळे एकाच बाकावरील दोघांपैकी एकास गणवेश व दुसऱ्यास नाही, हा भेद दूर झाला. ‘एक राज्य, एक गणवेश’ या धोरणानुसार आकाशी सदरा आणि गडद निळी विजार वा झगा ठरला. दुसरा संच स्काउट-गाइडचा होता. २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी राज्यपातळीवर होऊन शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे आले. स्त्रियांना रोजगार देण्याचा हेतू चांगला असला, तरी राज्यात अनेक ठिकाणी गणवेश उशिरा व बेमापाचे मिळाल्याच्या तक्रारी झाल्या. २० डिसेंबर २०२४ च्या शासन निर्णयाने २०२५-२६ पासून हे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. गणवेश वेळेवर व मापाचा मिळाला, तर तो घरची गरिबी झाकून मुलास बरोबरीने बसवितो. न मिळाला, तर तीच गरिबी सर्वांसमोर उघडी पाडतो. म्हणूनच गणवेशाअभावी कोणतेही मूल वर्गाबाहेर न राहणे, ही गणवेश योजनेच्या यशाची खरी कसोटी होय.