जितें गांव व सांकशीचा खारेपाट

पेण तालुक्याच्या उत्तर भागांत, पाताळगंगेच्या दक्षिणेस जितें हें गांव आहे. लोहमार्गानें जाणाऱ्यास तें आपटें व हमरापूर यांच्या मधलें स्थानक म्हणून ठाऊक असतें. गांवीं किल्ला नाहीं कीं राजवाडा नाहीं. म्हणून संशोधक सहसा येथें उतरत नाहींत. ही उपेक्षा आम्हांस अनाठायीं वाटते. या टापूचा खरा इतिहास तटबुरुजांत नसून खाडीकाठच्या मातीच्या बांधांत व त्या बांधांच्या हिशेबांत आहे, आणि तो आज आपल्या डोळ्यांदेखत पुसला जात आहे.

प्रथम नांवाविषयीं. ‘जि’ धातूपासून ‘जित’ व त्यावरून ‘जितें’ अशी व्युत्पत्ति संस्कृतज्ञास सहज सुचते. खाडीकाठचा रसिक तितक्याच सहजपणें खारेपाटांतील प्रसिद्ध जिताडा मासा पुढें करील. जुन्या कागदाच्या आधाराशिवाय या दोहोंपैकीं एकही आम्ही मान्य करणार नाहीं. महाडाकडेही जितें नांवाचें एक गांव आहे. तेव्हां कागदांत नुसतें ‘मौजे जितें’ आढळल्यास तर्फ व तालुका पाहिल्यावांचून तो कोणत्या गांवाचा हें ठरवूं नये.

पेणचें जुनें नांव शोधणारानें ‘सांकशी’ पाहावें. इंग्रजी अमलांतही कांहीं काळ हा तालुका त्याच नांवानें चालला. पेणजवळील सांकशीचा दुर्ग व उत्तरेचा कर्नाळा या जोडीवरून इ. स. १५४० च्या सुमारास निजामशाही, गुजराथचे अंमलदार व पोर्तुगीज यांत झगडा झाला, आणि शेवटीं सालीना ५००० सुवर्ण पर्दाव घेण्याच्या कराराने पोर्तुगीजांनीं दोन्ही किल्ले निजामशहास दिले. कर्नाळा १६५७ त शिवाजी महाराजांकडे आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वयें मोंगलांस गेला व १६७० त परत आला. हें सर्व छापील ग्रंथांत आहे. येथें विस्तार नको.

विस्तार हवा तो खारीचा. भरतीचें पाणी जेथें पसरतें तें खाजण. त्याला मातीचा बांध घालून, पाणी सोडण्यास उघाडी ठेवून समुद्र बाहेर अडविला म्हणजे कांहीं पावसाळ्यांनीं क्षार धुपून खार शेत पिकूं लागतें. येथें रोपें लावीत नाहींत. मोड आणलेलें बीं चिखलांत फेंकतात, त्यास रहू म्हणतात. राता हें तांबडें भात खाऱ्या जमिनींत टिकणारें. बांधाला एके रात्रीं खांड पडली तर दोन-तीन वर्षें शेत हातचें जातें. म्हणून बाहेरचा बांध कोणीं राखावा हाच येथील मूळ प्रश्न, आणि त्याचें जुनें उत्तर शिलोत्री वहिवाटींत आहे: बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रदाराची, व त्याबद्दल त्यास बिघ्यामागें भाताचा हक्क. प्रत्यक्ष माती टाकणारे हात मात्र बहुधा आगरी कुळांचे. शेजारच्या अलिबाग तालुक्यांत चरी येथें १९३३ पासून सुमारें सहा वर्षें कुळांनीं शेतें न कसण्याचा जो संप केला, त्याचें मर्म हें बांधाचें गणित उमगल्यावांचून कळणार नाहीं.

१९४८ सालीं कूळकायदा व खारजमिनींचा कायदा असे दोन्ही झाले. पुढें १९७९ त खारजमिनींचा नवा कायदा आला. जमीन कसणाराच्या नांवें झाली हें न्याय्यच झालें. परंतु सरकारी खात्याची वाट पाहण्यांत गांवकीचा श्रम सुटला व कित्येक खारी पुन्हां खाजण झाल्या. पडीक जमीन स्वस्त. गिऱ्हाइकास तेंच हवें होतें.

आपट्याहून रोह्यापर्यंत लोहमार्ग १९८६ त पुरा झाला, आणि या बाजूची दृष्टि पेणच्या बाजाराकडून पनवेल व दिव्याकडे वळली. हमरापूर व जोहें येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांनीं परिसरांतल्या कित्येक हातांस घराजवळ काम दिलें. बाकीच्यांची दिनचर्या गाडीच्या वेळेस बांधली गेली. २१ सप्टेंबर २००८ रोजीं विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर तालुक्यांतील २२ गांवांत सरकारनें मत घेतलें. हेटवणें धरणाच्या लाभक्षेत्रांतले हे शेतकरी बहुसंख्येनें विरोधांत गेले. मार्च १०२४ चे कोणी दानपत्र शोधील, तसेंच पुढील अभ्यासकास मार्च २०२४ ची अधिसूचना शोधावी लागेल: तिनें उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गांवांसाठीं नवनगराचें काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिलें. त्याच वर्षीं १२ जानेवारीस न्हावाशेव्याचा सागरी सेतु खुला झाला होता. उपनगर आतां दाराशीं आलें आहे.

नगर होऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु भूखंडास क्रमांक पडला कीं खारीचें नांव जातें, आणि जुनें घर पाडतांना माळ्यावरची दप्तरें रद्दींत जातात. संग्राहक मंडळी मोर्तब असलेला कागद तेवढा उचलतात व भाताच्या मापांच्या याद्या मागें टाकतात. ही खोड सुटली पाहिजे. बांधदुरुस्तीचे हिशेब, शिलोत्राच्या वसुलीच्या वह्या, खांड पडल्यावर सूट मागणारे अर्ज, कुळांचीं कबुलायतपत्रें, जुने मोजणीचे नकाशे, एवढें तरी घरोघर विचारावें. खारींचीं नांवें व त्यांच्या सीमा वृद्धांच्या तोंडून उतरून घ्याव्या. त्यास भाताची कापणी उरकल्यानंतरचे दिवस बरे. तेव्हां बांधावरून पायीं फिरतां येतें आणि उघाड्या दिसतात.