ऐकलं, आणि मग? पंडिता रमाबाईंची गोष्ट

एपिसोडमध्ये मी जे बोललो तेच इथे लिहून काढलंय, फक्त माझं अडखळणं गाळलंय.

आधी एक गोंधळ मिटवू. आजच्या रमाबाई म्हणजे 'उंच माझा झोका' मालिकेतल्या रमाबाई रानडे नव्हेत, आणि माता रमाई आंबेडकरही नव्हेत. आजच्या आहेत पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल दोन-तीन ओळी असायच्या: संस्कृत पंडिता, शारदा सदन, विधवांसाठी कार्य. एक मार्काचा प्रश्न, विषय संपला.

मला मात्र त्यांच्यातली वेगळीच गोष्ट सांगायचीय. बायबलच्या नव्या करारात याकोबाचं एक छोटं पत्र आहे. त्यात तो म्हणतो की वचन नुसतं ऐकून सोडून देणारा माणूस आरशात तोंड बघून लगेच आपला चेहरा विसरणाऱ्यासारखा असतो. (मी दिवसाला तीन-तीन पॉडकास्ट ऐकतो. त्यामुळे हे वाचताना जरा चपराक बसली.) आपल्याकडे ही गोष्ट कुणी अगदी अंगावर घेतली असेल तर ती रमाबाईंनी. आणि त्याचं कारण त्यांच्या बालपणात आहे, कारण धर्मग्रंथ 'ऐकवणं' हा त्यांच्या घरचा पोटाचा धंदा होता.

रमाबाईंचा जन्म १८५८चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्यासाठी लोकांचा रोष ओढवून घेतला. आई लक्ष्मीबाईंनी मग रमाला शिकवलं. भागवत तोंडपाठ. घरदार सोडून हे कुटुंब तीर्थामागून तीर्थं करत हिंडायचं. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसायचं, पुराण वाचायचं. लोक यायचे, ऐकायचे, पैसे, तांदूळ, फळं पुढ्यात ठेवायचे आणि घरी जायचे. संस्कृत कितीजणांना कळत होतं? फार थोड्यांना. पण कळायची गरजही नव्हती. कानावर पडलं की पुण्य मिळालं, अशीच समजूत होती.

मग १८७०च्या दशकातला दुष्काळ आला. साठवलेलं सगळं दानधर्मात आणि अनुष्ठानात संपलं होतं. काही महिन्यांच्या आत वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उपासमारीने. रमा तेव्हा सोळा वर्षांची. ती आणि भाऊ श्रीनिवास, दोघंच उरले, आणि हजारो मैल पायी फिरले. कधी थंडीत अंगावर घालायला धड काही नाही, कधी दिवस-दिवस पोटात काही नाही. सगळी व्रतं नेमाने केली तरी हे असं का झालं, या प्रश्नाने दोघांचीही श्रद्धा ढासळली, असं त्यांनीच पुढे आपल्या आत्मकथनात लिहिलंय.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढचं थोडक्यात सांगतो. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी लग्न, तेही जातीबाहेर. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा. १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. चोविसाव्या वर्षी विधवा, कडेवर तान्ही पोर. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

आता जरा थांबू, कारण या एपिसोडचा गाभा इथे आहे.

इंग्लंडमध्ये वाँटेज गावात अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्या राहायला होत्या. तिथल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं काम बघायला पाठवलं. समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांसाठी तिथे आश्रयस्थान होतं. त्या बायका राहत होत्या, काम शिकत होत्या, एकमेकींची आणि आजाऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाई चक्रावल्या. अशा बायकांसाठी कुणी काही करायचं असतं हेच त्यांनी तोवर कुठे पाहिलं नव्हतं. त्यांनी सिस्टर्सना विचारलं, हे तुम्ही का करता? उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय दाखवण्यात आला: विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईशी येशू बोलतो, ती गोष्ट.

हा क्रम बघा. आधी अध्याय आणि मग काम, असं झालं नाही. आधी काम दिसलं, मग त्याच्यामागचा अध्याय. जिने आयुष्यभर ग्रंथ वाचून दाखवले, तिला पहिल्यांदा एक ग्रंथ कामाला लागलेला दिसला. २९ सप्टेंबर १८८३ला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण म्हणून सांगितलेलं सगळं मुकाट ऐकायला लागल्या का? छे! सिस्टर जेराल्डीनशी त्यांची पत्रापत्री वाचण्यासारखी आहे. त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाद, चर्चच्या अधिकारावर वाद. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशप मंडळींनी हरकत घेतली, तर त्यावरूनही जोरदार भांडण. शास्त्र्यांचं ऐकून घेतलं नाही, तर बिशपांचं कशाला ऐकतील!

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, भाषणं दिली. बॉस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी मंडळ उभं राहिलं आणि दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल झालं. ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत बालविधवा गोदूबाई होत्या. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. पुढच्या बाया कर्वे त्या ह्याच.

१८९३ हे वर्ष भांडणाचंही आहे. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलं होतं. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणावर सक्ती करत नाही, पण माझ्या प्रार्थनेच्या वेळी माझ्या खोलीचं दार मी का लावून घेऊ? काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. मला विचाराल तर पालकांची भीती खोटी नव्हती. आपलं सर्वस्व असलेली बाई प्रार्थनेला बसली की बारा-तेरा वर्षांची पोर शेजारी जाऊन बसणारच. पण त्याच पालकांच्या घरात त्या पोरीला शारदा सदनासारखी दुसरी जागा होती का, हाही प्रश्न उरतोच.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई आता अडतीस वर्षांच्या. बातम्या वाचून त्यांना स्वतःचे आई-वडील आठवले असणार, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. त्या तिकडे गेल्या आणि मुली, विधवा घेऊन परतल्या. तीनशेच्या आसपास स्वतःकडे ठेवल्या, बाकीच्या इतर संस्थांकडे सोपवल्या. पैसे? बॉस्टनच्या मदतीची मुदत संपत आलेली. जागा? पुण्यात प्लेगचा बंदोबस्त, तिथे इतक्या मुली ठेवता येईनात. सदनाला उत्पन्न मिळावं म्हणून केडगावला त्यांनी शेतजमीन घेतली होती. (दौंडच्या अलीकडचं केडगाव, नगरजवळचं नव्हे.) तिथेच झोपड्या उभ्या राहिल्या. हेच पुढचं मुक्ती सदन. १९०० पर्यंत तिथे दीड हजाराच्या आसपास माणसं आणि शंभरावर गुरं होती. विणकाम, तेलाचा घाणा, दुधाचा धंदा, अंध मुलींसाठी ब्रेल. आणि 'कृपा सदन', फुलहॅममध्ये पाहिल्या होत्या तशाच बायकांसाठी.

याच काळात त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी फारशी सांगितली जात नाही. १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून पुण्यातल्या प्लेग व्यवस्थेत बायकांची कशी हेळसांड होते ते त्यांनी उघड केलं. सरकार ख्रिस्ती, पत्र लिहिणारीही ख्रिस्ती. राज्यकर्त्यांचा धर्म घेतला म्हणून त्यांना सवलत दिली नाही.

एक खटकणारी बाजूही सांगतो. केडगावात तटस्थतेचा करार नव्हता, संस्था उघड ख्रिस्ती होती आणि तिथल्या पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. उपाशी पोराला आधी भाकरी आणि मग धर्म मिळाला, तर त्या निवडीला कितपत मोकळी म्हणायचं? मला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. त्या मुलींना विचारता आलं असतं तर बरं झालं असतं.

आयुष्याची शेवटची बरीच वर्षं रमाबाईंनी एका कामात घातली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर. मराठी बायबल तर आधीच होतं, मग हा खटाटोप कशाला? ते संस्कृताळलेलं आहे, खेड्यातल्या बाईला कळत नाही, हे त्यांचं म्हणणं. संस्कृतवर एवढी हुकमत असलेली बाई म्हातारपणी हिब्रू शिकते, कशासाठी, तर संस्कृत शब्द टाळता यावेत म्हणून! अर्थ न कळता ऐकणाऱ्यांपुढे त्यांचं अख्खं बालपण गेलं होतं ना.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर पडलं, केडगावच्याच छापखान्यात. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी, सगळं मुक्तीच्या बायकांनी आणि मुलींनी केलं.

मुक्ती मिशन आजही तिथेच आहे. पुणे-दौंड गाडी केडगावला थांबते.