थिन क्लायंट, स्मार्ट कार्ड अन् तलाठ्यांचं डोंगल: किल्ली कुणाच्या हातात?

कवठे येमाई (ता. शिरूर): फेरफाराची नोंद घालायची म्हटली की तलाठी भाऊसाहेब आधी लॅपटॉपला पेन ड्राइव्हसारखी एक छोटी वस्तू लावतात. तिला सगळे डोंगल म्हणतात. डोंगल घरी राहिलं, त्याची मुदत संपली किंवा पिन चुकून ते लॉक झालं, की काम अडतं अन् शेतकऱ्याची एक खेप वाया जाते. ही भानगड नेमकी काय आहे, याची ही माहिती.

थिन क्लायंट म्हणजे काय?

नेहमीच्या कॉम्प्युटरमध्ये माहिती त्याच्याच हार्ड डिस्कवर साठते. थिन क्लायंट हा छोटा डबा असतो. त्याला स्क्रीन, कीबोर्ड अन् माऊस जोडतात, पण प्रोग्राम चालतो अन् माहिती साठते ती दूरच्या सर्व्हरवर. विहीर तिकडे अन् नळ इकडे, असा प्रकार. नळ चोरीला गेला म्हणून विहीर आटत नाही, तसा डबा गेला म्हणून रेकॉर्ड जात नाही. पण पाइप फुटला की नळाला थेंब येत नाही, तसं नेटवर्क गेलं की डबा नुसता डबा राहतो.

मग कार्ड कशाला?

एकाच डब्यावर दिवसभरात चार जण बसतात. आत्ता कोण बसलंय, हे सर्व्हरला कळायला हवं. पासवर्ड कुणी मागून पाहतं, कुणी वहीत लिहून ठेवतं. म्हणून चिप असलेलं स्मार्ट कार्ड आलं. एटीएम कार्डावरची सोनेरी चिप सगळ्यांनी पाहिली आहे. जुनी पट्टीची कार्डं 31 डिसेंबर 2018 पर्यंत बदलायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. लॉगिनचं कार्ड त्याच जातीचं.

काम असं चालतं:

1. कार्ड रीडरमध्ये घालून पिन टाकायचा.
2. सर्व्हर दर वेळी एक नवा आकडा पाठवतो.
3. चिप आपल्या गुप्त किल्लीने त्या आकड्यावर सही करून परत पाठवते. किल्ली चिपच्या बाहेर येत नाही.
4. सर्व्हर सही तपासतो अन् जुळली तर आत घेतो.
5. ठरावीक वेळा पिन चुकला की कार्ड लॉक होतं.

कार्ड काढलं की स्क्रीन बंद होईल, अशी सोय ठेवता येते. अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने 1999 मध्ये सन रे नावाचा थिन क्लायंट काढला. त्यात एका टेबलावरचं कार्ड काढून दुसऱ्या टेबलावर घातलं, की अर्धवट काम होतं तसं तिथे उघडायचं.

डोंगल हे कार्डाचंच भावंड

डोंगलमध्येही तशीच चिप असते, फक्त वेगळा रीडर लागत नाही. तलाठ्यांचा लॅपटॉप थिन क्लायंट नाही, पण ई-फेरफारचं रेकॉर्ड लॅपटॉपवर नसून सरकारी सर्व्हरवर असतं. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, नोंद घालतात. नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर किंवा नामंजूर करतात. ज्याने त्याने आपल्याच डिजिटल सहीने काम करायचं असतं.

खरा धोका कुठे?

चिप फोडणं अवघड, पण डोंगल अन् पिन दोन्ही दुसऱ्याच्या हातात दिले तर काय? कॉम्प्युटरला माणूस दिसत नाही. बसेल कोणीही, रेकॉर्डवर सही मात्र साहेबांचीच उमटेल. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 42 नुसार आपली किल्ली सांभाळायची जबाबदारी सहीच्या मालकाची आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरला तर कलम 66-क खाली 3 वर्षांपर्यंत कैद अन् 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शेतकऱ्याने काय पाहावं?

- आपल्या गटावर नोंद निघाली का, ते ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर अधूनमधून पाहावं.
- हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यावी अन् पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं टिकत नाही.
- डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो. कुणी कागद आणून दिला तर त्यावरचा पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून खात्री करावी.
- स्वतःच्या एटीएमचा पिन अन् मोबाइलवरचा ओटीपी कुणालाही सांगू नये, ओळखीच्या माणसालाही नाही.

घराला कुलूप कितीही भारी लावलं तरी किल्ली शेजारी ठेवून गेलं की चोरी झाल्यावर कुलपाला दोष देता येत नाही. डोंगलचंही तसंच आहे.