कंधारचा किल्ला, मुक्तीचे स्मारक आणि टेंभुर्णी

नांदेडच्या तरुणांना घेऊन आम्ही एका दिवसाच्या सहलीवर कंधारला गेलो. खंदक, तट, दरवाजे. गाईडने राष्ट्रकूटांपासून सुरुवात केली आणि 1631 मध्ये मोगलांनी किल्ला घेतला इथे संपवले. त्याआधी किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीत होता आणि ती निजामशाही सुमारे 25 वर्षे तोलून धरणारा मलिक अंबर हा बाजारात विकला गेलेला हबशी गुलाम होता, हे मात्र आम्हालाच सांगावे लागले. (ही निजामशाही वेगळी, हैदराबादचा निजाम वेगळा. पोरं नेहमी गल्लत करतात.)

संध्याकाळी नांदेडला परतून विसावा उद्यानातील हुतात्मा स्मारकापुढे नतमस्तक झालो. 17 सप्टेंबर 1948 चा मुक्तिदिन आमचाही आहे. दलितांनी निजामाची बाजू घेऊ नये, असे बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1947 मध्येच बजावले होते.

पण मुक्त कोण झाले? 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि याच मुक्त मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारले. 1993 मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. तेव्हा ना निजाम होता, ना रझाकार. मग वस्त्यांवर चालून आले ते कोण?

गाडीत एका पोराने विचारले, टेंभुर्णी कुठे आहे? पुढच्या सहलीत कंधारवरून गाडी आधी तिकडे वळेल.