गोधडीच्या पोटातलं गिरणगाव

गोधडीविषयी मराठीत साधारण दोनच सूर ऐकू येतात. एक जुना: गरिबी, चिंध्या, मायेची ऊब आणि शेवटी डोळ्यांत पाणी. दुसरा अलीकडचा, इन्स्टाग्रामवरचा: हातशिलाई, पर्यावरणपूरक, आणि किंमत ऐकून गोधडीशिवायच घाम फुटावा अशी. पहिल्या सुरात ती शिवणारी बाई बिचारी असते, दुसऱ्यात कारागीर. तिला ते काम आवडायचं का, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

पोलादपूर तालुक्यातल्या माझ्या आजीला आवडतं. इतकं, की माघ सरत आला की ती दुपारची झोप सोडते. तिच्या या आवडीला काही इतिहास असेल का, असा प्रश्न मला पडला आणि शोधत शोधत मी थेट मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचलो. ते कसं, हे सांगतो.

आधी मोसमाचं बघू. गोधडी थंडीसाठी असते, म्हणून ती थंडीच्या आधी शिवत असतील असं आपल्याला वाटतं. महाड-पोलादपुरात गणित उलटं आहे. इथला शत्रू थंडी नव्हे, ओल. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जुलैत भिजलेली गोधडी आठवडाभर वाळत नाही, नुसती वास मारत राहते. म्हणून जुनं कापड धुवायचं, कडकडीत वाळवायचं आणि शिवून ठेवायचं ते शिमग्याच्या आगेमागे. भाताची झोडणी कधीच उरकलेली असते, नाचणी-वरी घरात आलेली असते आणि राब भाजायला अजून अवकाश असतो. पहाटे आंबेनळी घाटाकडून गार वारा उतरतो, पण दुपारच्या उन्हात लुगडं तासाभरात खडखडीत होतं. बाईच्या वर्षात मोकळ्या दुपारी मोजक्याच. त्यातल्या बऱ्याचशा या दोन महिन्यांत येतात.

पडवी सारवून सुकली की आजी तळाचं लुगडं अंथरते आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवते. त्यावर तुकडे मांडायचे. या मांडण्यालाच दोन दिवस जातात, आणि खरी मजा तिथेच आहे. हिरवा इथे नको, तिकडे सरकव. हा काठ वाया घालवू नको, वर घे. शेजारची काकू सल्ला द्यायला येते आणि दोघींचं कडाक्याचं भांडण होतं. मग वरचं लुगडं पसरायचं, कडा आत दुमडायच्या आणि कडेपासून धावदोरा घालत चौकोनाच्या आत चौकोन करत मध्याकडे यायचं. बोटाला अंगुस्तान नाही, चिंधी गुंडाळलेली. पूर्वी बाजूला रेडिओ असे आणि त्यावर आकाशवाणीचं ‘वनिता मंडळ’. आता मोबाइलवर कीर्तन असतं.

आता कापडाकडे येऊ. जुनं फाटकं जोडून पांघरायची कल्पना फार प्राचीन आहे. संस्कृतात त्याला कंथा म्हणत, बंगालात तोच शब्द अजून चालतो. आपल्याकडे देशावर वाकळ म्हणतात. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांना कापडाची तिकोनी फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. पण गोधडी म्हणजे टंचाईचं अपत्य, हे जे आपण सहज बोलतो ते मला अर्धंच खरं वाटतं. चिंधी उरायला आधी कापड लागतं. ज्या घरात बाईला दोनच लुगडी, एक अंगावर आणि एक वाळत, तिथे सात-आठ थरांची गोधडी कुठून येणार? जुन्या कापडाचा ढीग साठण्यासाठी घरात कापड सतत येत राहावं लागतं. डोंगरात, जिथे कापूस पिकत नाही तिथे, ते आलं कुठून?

ते आलं मुंबईहून. कावसजी दावर यांची गिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ साली चालू झाली. ती मुंबईतली पहिली कापड गिरणी. पुढच्या काही दशकांत कोकणातून माणसांचा ओघ तिकडे लागला. रत्नागिरीबरोबर कुलाबा जिल्ह्यातूनही माणसं गेली (१९८१ पर्यंत रायगडचं नाव कुलाबाच होतं). जमीन थोडी, उतारावरची, आणि पीक पावसाच्या चार महिन्यांचं. घरातला एक तरी पुरुष मुंबईला जाणं हा शेतीचाच भाग होऊन बसला. सावित्रीच्या खाडीतून दासगावपर्यंत बोटी येत. पुढे रस्ता झाला, एसटी आली. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी आला की ट्रंकेत कापड असायचंच: बायकोला लुगडं, आईला लुगडं, पोरांना कटपीस. मनीऑर्डरीचा इतिहास लिहिला गेला आहे. ट्रंकेचा लिहायचा राहिलाय.

अंगावरच्या कापडाला किती अर्थ असतो हे महाडइतकं दुसऱ्या कुठल्या गावाला ठाऊक असेल? २० मार्च १९२७ ला, फाल्गुनातच, डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले. डिसेंबरात ते पुन्हा आले, दासगावच्याच वाटेने, आणि मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच परिषदेत त्यांनी स्त्रियांपुढे वेगळं भाषण केलं. लुगडं गुडघ्यापर्यंत आखूड नेसणं आणि कथलाचे जड दागिने घालणं या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या सोडा, असं सांगितलं. घोट्यापर्यंत लुगडं कसं नेसायचं ते तिथल्या तिथे बायकांना दाखवलंही गेलं. नऊवारी म्हणजे सुमारे आठ मीटर कापड. ते कुणी किती अंगभर नेसावं हेसुद्धा जातीने ठरवलेलं होतं. म्हणून जुन्या लुगड्याची गोष्ट सांगताना ‘आजीची मऊ मऊ आठवण’ म्हणून सोडून देणं मला जमत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हा कापडाचा ओघ आटला. सैन्याची मागणी, साठेबाजी, भडकलेले भाव. जून १९४३ मध्ये सरकारने कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम काढला, रेशनचं कापड आलं. आजीचा जन्म त्यानंतरचा, पण तिच्या आईच्या तोंडून तिने ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द इतक्यांदा ऐकलाय की जाड्याभरड्या कुठल्याही कापडाला ती आजही ‘कंट्रोलचं’ म्हणते. माझ्या जीन्सलासुद्धा.

प्रवास एकतर्फी नव्हता, हे मला फार उशिरा लक्षात आलं. ट्रंकेतून कापड गावाला यायचं आणि वळकटीतून गोधडी मुंबईला जायची. लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून गावकीचे कितीतरी गडी पाळीप्रमाणे झोपत. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा आडवा. खाट कुणालाच नव्हती. प्रत्येकाचं स्वतःचं असं काही असेल तर ती वळकटी, आणि तिच्यात घरच्या बाईच्या हातची गोधडी. म्हणजे गिरणीने कामगाराला पगार दिला, तो झोपला मात्र गावातल्या बाईच्या बिनपगारी कामावर. जनगणनेच्या तक्त्यात ही बाई बहुधा ‘काम न करणारी’.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. लग्नानंतर आजी दोन हिवाळे त्यांच्याबरोबर चाळीत राहिली, आणि तिथल्या गॅलरीत शेजारणीकडून लोकर विणायला शिकली. गोधडी कोकणातल्या मातीची म्हटली तर दोन सुयांचं विणकाम पाहुणं. ते मिशनच्या शाळांतून, शिवणवर्गांतून आणि मग बायकांच्या मासिकांत छापलेल्या नमुन्यांतून शहरी मध्यमवर्गात रुळलं आणि चाळीच्या गॅलऱ्यांतून सुट्टीला गावी आलं. सुलट, उलट. सगळं स्वेटर या दोनच टाक्यांचं. शून्य आणि एकवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला याचं कौतुक वाटणारच. शिवाय आमच्या धंद्याचं मूळही मागातच आहे. जाकारने १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पत्त्यांवर चालणारा माग केला आणि पत्त्यांची ती युक्ती बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, “मग तुला इतकी वर्सं एक टोपडं का विनता येत न्हाय?”

महाडच्या हवेत स्वेटर घालणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर: मी. पुण्यातल्या ऑफिसचा एसी अठरावर असतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. काही आठवड्यांत बरेच जण गावी परतले. शहरात भाडं आणि खानावळ परवडेना, गावात निदान तांदूळ होता. संपावर मराठीत कविता आहेत, नाटकं आहेत, सिनेमे आहेत, आणि ते योग्यच आहे, कारण तो संप रीतसर संपला असं कधी झालंच नाही. आजोबाही वळकटी घेऊन आले ते फेब्रुवारीत. त्यानंतर गिरणीत गेले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आमची एक जुनी गोधडी वरून विरली, तेव्हा आजीने ती उसवायला काढली. मी शेजारी बसलो. वर नायलॉनचं पातळ. त्याखाली सुती लुगडं, काठ उडालेला. मग आत्याचा शाळेचा फ्रॉक. मग आजोबांचा गिरणीत घालायचा खाकी सदरा, उभा उसवून सपाट केलेला, खिशाच्या जागी गडद चौकोन. खाली आणखी एक गोधडी, अख्खी, तिच्या आत तिचे थर. आजी जुनी गोधडी टाकत नाही, तिच्यावर नवी चढवते. आम्ही प्रोग्रॅमर गिटमध्ये जुन्या आवृत्त्या जपून ठेवतो तशातलाच हा प्रकार, फक्त इथे मागची आवृत्ती बघायची तर कात्री लागते.

खाकी सदरा दिसल्यावर मी गप्प झालो. संपाच्याच वर्षी शिवलेली गोधडी होती ती. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या शेतकरी बायकांच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या. त्यातली एक मिसुरी पेटवे यांनी नवरा वारल्यावर १९४२ मध्ये त्याच्या कामाच्या कपड्यांची केलेली. त्याला उराशी धरून पांघरता यावी म्हणून. मला ती आठवली आणि आजी आता रडेल असं वाटलं.

आजीने सदऱ्यावरचे टाके बोटाने चाचपले आणि खूश झाली. “बघ, किती बारीक पडलाय. त्या साली हेनी घरी व्हते ना. सुईत दोरा ववून देयाचे.”

मग पुढचं कळलं. लग्नानंतर पंधरा-सोळा वर्षांत आजोबा पहिल्यांदाच अख्खा फाल्गुन घरी होते. हातांना चैन नव्हती. ते सुया ओवून रांगेने ठेवायचे, आणि दोरा तुटला की मागावर तुटलेलं सूत सांधायची साचेवाल्याची गाठ मारून द्यायचे. चपटी, बारीक, बोटाला न लागणारी. ती गाठ आजीने उचलली. लोकरीचा गुंडा संपला की दुसरा ती आजही तशीच जोडते. त्या वर्षी घरात पैसा नव्हता, पुढचं काही दिसत नव्हतं, आणि दुपारी पडवीत दोघं बसून गोधडी शिवत होती आणि तिला मजा येत होती. हे दोन्ही खरं आहे. संपाचं दुःख मोठं म्हणून ही मजा इतिहासातून वगळायची, हे मला पटत नाही. दुःखाची निदान नोंद तरी झाली. मजेची नोंद उसवल्याशिवाय हाती लागत नाही, आणि त्यातल्या बहुतेक नोंदी आता गेल्या.

बऱ्याचशा एका रात्रीत गेल्या. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं. त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यापुढे गोधड्यांचं बोलणंही कसंसंच वाटतं. तरी लिहितो. पाणी ओसरल्यावर बाजारपेठेत दारोदार चिखलाचे ढीग होते. पाणी प्यायलेली गोधडी दोन माणसांना उचलत नाही, आणि गाळ थरांत शिरला की धुऊन निघत नाही. आत्याच्या घरातल्या सगळ्या गोधड्या ट्रॅक्टरने नेल्या. मदतीत ब्लँकेटं आली, चांगली होती. पुढच्या फाल्गुनात आजीने नातेवाइकांना फोन लावले: जुन्या साड्या द्या, सुतीच द्या.

सुती मिळत नाहीत, ही तिची सध्याची तक्रार. सिंथेटिक साडी फाटतच नाही, मऊ पडत नाही, घाम शोषत नाही. सुई घसरते आणि थर एकमेकांवरून सरकतात. सुती आहेत ते आमचे टी-शर्ट. हॅकेथॉनचे, कंपनीच्या वाढदिवसाचे, छातीवर मोठी अक्षरं असलेले. यंदा मी असे अकरा नेऊन दिले. तिने प्रत्येक ओढून पाहिला. ताणतो म्हणून वरच्या थराला नको म्हणाली, पण चार ठेवून घेतले. बाह्या कापल्या, उभे उसवले, अक्षरं खाली करून मधल्या थरात घातले. उरलेल्या सातांचं पायपुसणं होईल म्हणाली.